कोरा, बीट आणि बापाचं घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही लंडनमध्ये राहता आणि घरातल्या छोट्या स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक संगीत करता. तुमचा मित्र गॅम्बियातल्या ब्रिकामाचा, जाली, म्हणजे पिढीजात गायक-वादकांच्या घराण्यातला आहे आणि कोरा हे भोपळ्याचं तंतुवाद्य वाजवतो. दोघांना मिळून 'घर' या विषयावर चार-पाच गाणी करायची आहेत. तीन महिने झटलात, पण जे तयार होतंय ते हॉटेलच्या लॉबीत लावतात तसं गुळगुळीत वाटतंय. नेमकं चुकतंय कुठे? आणि तुमच्या कोकणातल्या घराचं, किंवा सिद्दींच्या 'धमाल' या नाच-गाण्याचं काही त्यात घालावं का?

मी मूळचा मिरजेचा. वडील तंबोरे दुरुस्त करायचे. गेली २२ वर्षं पॅरिसला लागून असलेल्या मोंत्रयमध्ये ध्वनिमुद्रण आणि संगीत-संयोजन करतो. मालीतून आलेल्या लोकांची इथे मोठी वस्ती आहे, त्यामुळे माझं निम्म्याहून जास्त काम माली, गिनी, सेनेगल, गॅम्बिया इथल्या वादकांबरोबरच झालं. तुम्ही पाठवलेले दोन्ही तुकडे तीन-तीनदा ऐकले. मित्राचा हात उत्तम आहे. अडचण मांडणीत आहे. तुम्ही आधी चार कॉर्डची चौकट उभी केलीत, त्यावर बीट घातलात आणि मग मित्राला म्हणालात, आता यावर वाजव. म्हणजे घर तुमच्या सॉफ्टवेअरचं, आणि ज्याच्या घराबद्दल गाणं आहे तो त्यात पाहुणा. तो बिचारा पाहुण्यासारखाच वाजवतोय, सगळ्यांना बरं वाटेल असं.

मांडिंग भाषांमध्ये, म्हणजे मालीपासून गॅम्बियापर्यंत बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या कुळात, 'फासो' असा शब्द आहे. 'फा' म्हणजे बाप आणि 'सो' म्हणजे घर. बुर्किना फासो या देशाच्या नावातला फासो तो हाच. घर, गाव, देश, सगळं त्या एका शब्दात येतं. त्याच्या जोडीला आणखी दोन शब्द आहेत, आणि माझ्या मते तुमच्या पूर्ण प्रकल्पाची किल्ली त्यांच्यात आहे: 'फादेन्या' आणि 'बादेन्या'. फादेन्या म्हणजे एका बापाची लेकरं असणं, बादेन्या म्हणजे एका आईची. तिथल्या घरांत एका पुरुषाच्या दोन-तीन बायका असायच्या, अजूनही असतात. एका आईच्या मुलांमध्ये माया, एकोपा. बाप एक पण आया वेगळ्या असलेल्या मुलांमध्ये चुरस. त्यातून फादेन्या या शब्दाला मोठा अर्थ आला: बापाच्या नावाशी स्पर्धा करणं, उंबरठा ओलांडून बाहेर पडणं, त्याने केलं नाही ते करून दाखवणं. बादेन्या म्हणजे परत येणं, धरून ठेवणं, चुलीपाशी बसणं. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभं करणाऱ्या सुंजाता केताची कथा जाली आजही गातात. तीही याच दोन ओढींची कथा आहे: घरातून परागंदा झालेला मुलगा परक्या मुलुखात वाढतो आणि मग परत येऊन घर उभं करतो.

हे एवढं सांगण्याचं कारण असं की 'पारंपरिक' आणि 'आधुनिक' असे दोन डबे करून तुम्ही ते जोडायला निघालात. तुमच्या मित्राच्या परंपरेत तसे डबे नाहीत. नवं करणं हा घराबाहेरचा प्रकार मानलेला नाही, त्याला घरातच जागा आणि नाव आहे. अट एवढीच की बाहेर पडणाऱ्याच्या पाठीशी परतायला घर हवं.

कोऱ्याच्या वादनातही ही रचना जशीच्या तशी दिसते. डाव्या हाताला ११ आणि उजव्या हाताला १० अशा २१ तारा, आणि वाजवायला फक्त दोन अंगठे व दोन तर्जन्या. अंगठे खालचं आवर्तन फिरवत ठेवतात, त्याला 'कुम्बेन्गो' म्हणतात. त्यातून तर्जन्यांच्या ताना सुटतात आणि खाली कोसळत परत आवर्तनात मिसळतात, त्या 'बिरिमिन्तिंगो'. वर गाणं किंवा 'सातारो', म्हणजे जवळजवळ बोलल्यासारखं, नावं घेत, वंश सांगत केलेलं गायन. मांडिंग गाण्यातलं घर म्हणजे कुम्बेन्गो. तुम्ही तेच काढून टाकलंत. मित्राकडून फक्त बिरिमिन्तिंगो वाजवून घेतल्यात, कारण त्या कानाला गोड लागतात, आणि खाली कुम्बेन्गोच्या जागी सिंथचे कॉर्ड भरलेत.

उलटं करा. पहिल्यांदा फक्त कुम्बेन्गो घ्या. कानात ताल मोजणारा क्लिक नको, हेडफोन नको. त्याला दहा मिनिटं एकच आवर्तन फिरवू द्या आणि तुम्ही नुसते ऐकत बसा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तुमच्या लक्षात येईल की ते आवर्तन एका स्वरावर टेकून बसत नाही, दोन ठिकाणांमध्ये झुलतं. मग तुमचा बेस त्या झोक्याबरोबर जाईल की एका जागी थांबेल, हे ठरवा. कॉर्ड लागतीलच असं नाही. बहुतेक वेळा लागत नाहीत.

आता स्वरांबद्दल, कारण तुमच्या तुकड्यांत सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालंय. तुम्ही कोऱ्याच्या मुद्रणावर पिच-करेक्शन, म्हणजे स्वर पियानोच्या पट्टीत ओढणारी सोय, लावलंय, ते मला दुसऱ्या सेकंदाला ऐकू आलं. कोरा जुळवण्याच्या चार पद्धती मुख्य: तोमोरा बा (हिलाच सिलाबाही म्हणतात), सौता, हार्दिनो आणि तोमोरा मेसेन्गो. पहिली आपल्या बिलावलच्या जवळ जाते. सौतामध्ये मध्यम तीव्र असतो, त्यामुळे आपल्या कानाला यमन आल्यासारखं होतं. पण 'जवळ जाते' एवढंच, त्या पट्ट्या पियानोच्या चौकटीत बसत नाहीत. गावागणिक आणि घराण्यागणिक काही स्वर किंचित वर-खाली असतात. वादक कान लावून, कातडी कडी दांड्यावर सरकवत सरकवत ते जुळवतो, त्याला कधी अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास त्याच्या बापाने शिकवलेला असतो. शेजारच्या बालाफोनचं, त्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचं, तर विचारूच नका. मांडिंग बालाफोनमध्ये सप्तकाचे साधारण सारखे सात भाग केलेले असतात, आपल्या कुठल्याच थाटात ते मावत नाहीत. सिंथची पट्टी बदलणं आता दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोट्यूनिंगची, म्हणजे एकेक स्वर हवा तेवढा वर-खाली करायची, सोय असणारच. कोऱ्याची एकेक तार मोजून घ्या आणि सिंथला त्या घरात न्या. मात्र आधी मित्राला विचारा. आजकाल बरेच वादक गिटारसारख्या खुंट्या बसवून घेतात आणि हौसेने पियानोच्या पट्टीत जुळवतात. त्याला तसंच हवं असेल तर तो त्याचा हक्क आहे. बापाची पट्टी सोडणं हासुद्धा फादेन्याच.

एक प्रसंग सांगतो. मी या कामात नवा होतो. सेनेगलच्या कासामांस भागातले एक वयस्क जाली आमच्याकडे मुद्रणाला आले. कोऱ्याच्या घोडीला पत्र्याची एक पानासारखी पट्टी लावतात, तिच्या कडेने तारेच्या बारीक कड्या ओवलेल्या असतात, तिला 'न्येन्येमो' म्हणतात. तार छेडली की ती झिणझिणते. मला ती खरखर वाटली. रात्री बसून मी ती वारंवारता शोधून शोधून कापली आणि सकाळी मोठ्या अभिमानाने त्यांना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढला, कोरा मांडीवर घेतला, माझ्या कानाशी आणून एक जाडी तार छेडली आणि ती झिणझिण पूर्ण विरेपर्यंत हात वर धरून ठेवला. मग म्हणाले, "ही नसेल तर ऐकणाऱ्याला कळणार कसं, की कोणीतरी आत आहे?"

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी वाढलो. तंबोऱ्याची जवारी लागावी म्हणून वडील घोडीवर सुताचा जीव तांदळाच्या दाण्याएवढा पुढे-मागे सरकवत तासन्‌तास बसायचे. ती झणकार हाच तंबोऱ्याचा प्राण हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरीही तेच मी दुसऱ्याच्या भोपळ्यातून कापून टाकलं होतं. त्या दिवशी मी सगळं मुद्रण पुन्हा मूळ स्थितीत आणलं.

पश्चिम आफ्रिकेत ही झणकार सगळीकडे आहे. बालाफोनच्या पट्ट्यांखालच्या भोपळ्यांना भोकं पाडून त्यांवर पूर्वी कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा पापुद्रा चिकटवत, आता पातळ प्लास्टिक किंवा कागद लावतात. जेम्बे या हाताने वाजवायच्या ढोलाच्या कडेला कड्या लावलेले पत्रे खोवतात. म्हणून सांगतो, नॉइज रिडक्शनचं बटण या प्रकल्पापुरतं विसरा. एक माइक भोपळ्याच्या भोकापासून हातभर अंतरावर ठेवा, दुसरा वादकाच्या खांद्यामागून, तो जसं ऐकतो तसं. खोलीचा आवाज येऊ द्या. मागून केटलचा आवाज आला तरी हरकत नाही, विषय घर आहे.

बीटचं सांगायचं तर ड्रम मशीनला माझा विरोध नाही. गिनीच्या मोरी कांतेने १९८७ मध्ये कोरा सरळ डिस्कोच्या ठेक्यावर चढवला. 'ये के ये के' युरोपभर गाजलं, त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. आपल्याकडे १९९० च्या आसपास प्रत्येक वरातीत वाजलेली 'तम्मा तम्मा' आणि 'जुम्मा चुम्मा' ही गाणी 'ये के ये के' ज्या आल्बममध्ये होतं त्यातल्याच चालींवरून आलेली आहेत, म्हणजे मराठी माणूस नाव माहीत नसताना मांडिंग चालीवर नाचलेला आहे. मूळ गाणं ऐका आणि एक गोष्ट टिपा: यंत्राचा ठेका कितीही कडक असला तरी एकाने हाक द्यायची आणि बायकांनी ओ द्यायची ही मांडणी त्याने हलू दिली नाही. तेवढ्यावर ते गाणं गिनीचं राहिलं.

तुमच्या बीटमध्ये अडचण वेगळी आहे. तुम्ही सगळं क्वान्टाइझ केलंय, म्हणजे प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरच्या समान चौकटींच्या ग्रिडवर नेऊन बसवलाय. या भागातल्या जेम्बेच्या ठेक्यांत एका मात्रेचे तीन भाग सारखे नसतात, एक आखूड तर एक लांब असतो, आणि तो कमी-जास्तपणा ठरलेला असतो. तो वादकाचा गलथानपणा नव्हे. ग्रिडवर ओढलात की चाल लंगडी होते, आणि गंमत म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की कोराच बेताल आहे. मुद्रणातून वेळ काढा आणि ग्रिड त्याप्रमाणे वाकवा. आणि सॅम्पल शोधायच्या आधी मित्राला 'कोन्कोन्दी'बद्दल विचारा. कोरा वाजत असताना बाजूला बसलेला शिष्य किंवा घरातलं कोणीतरी भोपळ्यावर किंवा दांड्यावर टकटक करत एक ठेका धरतं, तो हा प्रकार. जालींच्या घरात लहान मूल पहिल्यांदा संगीतात शिरतं ते बरेचदा या टकटकीतून. ती टकटक जवळून मुद्रित करा, खाली सबबेस द्या, गरज वाटली तर तीच कापून-उलटून हाय-हॅटच्या जागी वापरा. तुम्हाला हवा तो इलेक्ट्रॉनिक ठेका मिळेल आणि तो त्याच भोपळ्यातून आलेला असेल.

ऐकायचं काय, असंही तुम्ही विचारलंत. भरपूर आहे, पण मी मोजकंच सांगतो.

मालीची राजधानी बामाको इथले कोरावादक तुमानी जाबाते २०२४ मध्ये गेले. त्यांचे वडील सिदिकी जाबाते आणि जेलीमादी सिसोको शेजारी राहायचे. १९७० मध्ये निघालेल्या, फक्त कोऱ्याच्या वादनाच्या एका तबकडीत दोघेही होते. १९९७ मध्ये मालीच्या स्वातंत्र्यदिनी, २२ सप्टेंबरला, त्यांचे मुलगे तुमानी आणि बालाके सिसोको बामाकोत समोरासमोर बसले आणि बापांना उत्तर दिल्यासारखं वाजवलं. ते 'न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज' या नावाने आलं. त्याच तुमानींनी त्याआधी स्पेनच्या फ्लामेंको वादकांबरोबर काम केलं होतं, पुढे लंडनच्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर केलं, आणि त्यांचा मुलगा, तोही सिदिकीच, बामाकोच्या हिप-हॉपमध्ये कोरा घेऊन गेला. एकाच घरातल्या या तीन पिढ्या ओळीने ऐकल्यात तर फादेन्या-बादेन्यावर मी वर लिहिलेलं सगळं कानांनी कळेल.

बालाके सिसोको आणि फ्रेंच चेलोवादक व्हँसाँ सेगाल यांचं २००९ चं 'चेंबर म्युझिक' मात्र तुम्ही रोज ऐकावं असं मला वाटतं. दोन माणसं एकमेकांना जागा कशी देतात याचा तो धडा आहे. चेलो बराच वेळ कोऱ्याच्या खालच्या तारांसारखा, नुसतं आवर्तन धरून बसतो, आणि म्हणून तो सुटतो तेव्हा अंगावर येतो. सेनेगलचे सेकू केता आणि वेल्सच्या हार्पवादक कॅट्रिन फिंच यांचं २०१८ चं 'सोअर' त्या मीनघारींवर आहे ज्या उन्हाळ्यात वेल्समध्ये घरटं करतात आणि हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत जातात. घर दोन ठिकाणी असू शकतं हे शब्दांत न सांगता त्यात आलंय.

तुमच्या मित्राला सगळ्यात जवळचं उदाहरण सोना जोबार्ते यांचं. १९८३ मध्ये लंडनमध्ये जन्म, कुळ गॅम्बियातल्या नामवंत जाली घराण्याचं. कोरा रिवाजाने बापाकडून मुलाकडे जायचा. तो त्यांनी हातात घेतला, मांदिंकात, म्हणजे गॅम्बियातल्या मांडिंग भाषेत, गायल्या, गिटार आणि बेस बरोबर घेतले, आणि गॅम्बियात मुलांसाठी शाळा उभी केली. त्यांच्या २०११ च्या आल्बमचं नाव 'फासिया', बापाकडून आलेला वारसा. २०२२ च्या आल्बमचं नाव 'बादिन्या कुमू'. बादिन्या म्हणजे तोच वरचा शब्द, मांदिंका उच्चारात.

घर गमावल्यावरचं संगीत ऐकायचं असेल तर उत्तर मालीकडे वळा. २०१२ मध्ये तिथे सशस्त्र गटांचा ताबा आला आणि संगीतावर बंदी आली. गाव सोडून बामाकोला आलेल्या तरुणांनी सोंगॉय ब्लूज हा गट काढला, त्यांच्या २०१५ च्या आल्बमचं नावच 'म्युझिक इन एक्झाइल'. त्यांची गिटार रडत नाही, धावते. आणि सहाराच्या तुआरेग लोकांच्या तिनारिवेन या गटाच्या गाण्यांत 'असूफ' हा शब्द येतो. एकटेपण, ओढ, घराबाहेरच्या अंधाराची जाणीव हे सगळं त्यात आहे. आपल्या 'हुरहुर'ला तो थोडा जवळ जातो, पण त्यात वाळवंट आहे.

शब्दांचं बोलतो, कारण दुसऱ्या तुकड्यात इंग्रजीतून 'होम' हा शब्द तुम्ही सोळा वेळा म्हणवून घेतलाय. जाली घराचं वर्णन करत नाही. तो नावं घेतो: आजोबांचं, गावाचं, ज्या राजाकडे पूर्वज होते त्याचं, ज्याने आपत्तीत धान्य दिलं त्याचं. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात हेळवी बैलावर बसून दारात येतात आणि चोपडीतून कुळाच्या पिढ्या वाचून दाखवतात, तेव्हा आजीच्या चेहऱ्यावर जे येतं तेच मी इथल्या जाली कार्यक्रमांत, क्लीनरचं काम करून आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. आडनाव उच्चारलं की माणूस ताठ बसतो. म्हणून मित्राला इंग्रजी ओळी लिहायला सांगू नका. त्याला विचारा, तुझ्या घराचं गाणं सुरू करायचं तर पहिलं नाव कोणाचं घ्यावं लागेल? तो मांदिंकात सांगेल, ते तसंच मुद्रित करा. आजच्या गॅम्बियात घरावरच्या गाण्यात कदाचित 'बॅकवे'ही येईल, म्हणजे वाळवंट आणि लिबिया ओलांडून होडीने युरोप गाठायची ती वाट. जवळजवळ प्रत्येक वस्तीतून कोणीतरी त्या वाटेने गेलंय. तो विषय काढायचा की नाही हे त्याच्यावर सोडा.

सिद्दींबद्दल माझं स्पष्ट मत: घालू नका. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी पूर्व आफ्रिकेतून, इथिओपिया आणि त्या किनाऱ्याकडून आले. मलिक अंबरही तिकडचाच. ब्रिकामापासून ते हजारो किलोमीटर दूर, भाषा वेगळी, वाद्यं वेगळी. 'आफ्रिका' या एका शब्दाखाली दोघांना कोंबलंत तर दोघांचंही घर पुसलं जाईल. धमालवर काम करायची इच्छा असेल तर ते वेगळं, आणि सिद्दी कलाकारांबरोबर बसून.

तुमचं कोकणातलं घर यावं, जरूर यावं, पण तंबोरा घालून नको. तंबोरा षड्ज खिळ्यासारखा ठोकतो आणि कुम्बेन्गोचा झोका तिथेच थांबतो. मी हे दोनदा करून पाहिलंय. त्यापेक्षा मित्राच्या कुम्बेन्गोवर तुमच्या आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या तर? ओवीसुद्धा नावं घेतच चालते: भाऊराया, मायबाप, माहेरची वाट. स्वर जुळेल की नाही याची काळजी आत्ता नको. तिला फोनवर म्हणायला सांगा, मित्राला ऐकवा आणि त्याच्या बोटांना ठरवू द्या.

पैसे आणि नाव यांचं आधी लिहून ठेवा. जालीला ऐकणाऱ्याने देणं हा तिथल्या संगीताचाच भाग आहे, त्यात संकोच नको. चाल पारंपरिक असेल तर 'पारंपरिक' लिहून मोकळं होऊ नका. कोणत्या घराण्याकडून आली आणि मांडणी कोणाची, हे दोन्ही लिहा. काही चाली विशिष्ट माणसाच्या किंवा कुळाच्या सन्मानाच्या असतात, त्या वापरण्याआधी त्याला घरी विचारावं लागेल. तो वेळ मागेल. द्या.

आणि पुढच्या बैठकीला एक करा. दहा मिनिटांचं ते आवर्तन मुद्रित झालं की त्याच्या आईला ब्रिकामाला फोन लावा, स्पीकरवर ऐकवा आणि तिला टाळी धरायला सांगा. तुम्ही जिथे किक, म्हणजे बीटचा जाड ठोका, ठेवलाय तिथे ती टाळी पडणार नाही. ती जिथे पडेल तिथे किक हलवा, बाकीचं सगळं पुसा आणि तिथून सुरुवात करा.